रिव्हिजन पूर्ण, तरी प्रिलिममध्ये गणितात तेच मार्क : बारावीच्या मुलांनी नेमकं काय तपासायचं

जानेवारीत प्रिलिमचे पेपर हातात आले की बारावीची मुलं आणि त्यांचे आईवडील एकच तक्रार घेऊन येतात. मुलगा म्हणतो, "सर, घरी तर सगळं जमून राहिलं होतं, पेपरात सुचेचना." आई म्हणते, "दिवसभर पुस्तक घेऊनच बसून राहतो ना हा, मग मार्क काहून नाही येऊन राहिले?" दोघंही खरं बोलत असतात. पंधराही धडे डोळ्यांखालून गेलेले असतात, सूत्रं पाठ असतात, वह्या भरलेल्या असतात. तरी ८० पैकी मार्क युनिट टेस्टला जिथे होते तिथेच. मग मूल रात्रीचे तास वाढवतं, दुसरी प्रिलिम देतं आणि पुन्हा तोच आकडा.

मी दक्षिण नागपुरात बारावी विज्ञानाचं गणित शिकवतो. हे जे लिहितोय ते राज्य मंडळाच्या पेपरापुरतं आहे. माझं मत ठाम आहे: अशा मुलांच्या बाबतीत तास कमी पडलेले नसतात. समोरच्या गणिताला कुठली पद्धत लावायची हे स्वतः ठरवण्याचा सराव रिव्हिजनमध्ये होतच नाही, आणि पेपर सगळ्यात आधी तेच विचारतो. बाकीची कारणंही असतात, त्यांचंही पुढे सांगतो. पण आपलं कारण कुठलं ते आधी शोधावं लागेल.

आधी उत्तरपत्रिका काढा

नवं टाइमटेबल आखण्याआधी जुनी उत्तरपत्रिका समोर घ्या. बहुतेक मुलं एकूण मार्क पाहतात, दोन-चार लाल खुणा पाहतात आणि पेपर घडी घालून ठेवून देतात. कॉलेजने उत्तरपत्रिका परत दिली नसेल, तर त्याच संध्याकाळी प्रश्नपत्रिका घेऊन बसा. कुठे काय झालं ते तोवर ताजं असतं.

गेलेल्या प्रत्येक मार्काशेजारी पेन्सिलीने कारण लिहा. सुरुवातच सुचली नाही. सुरुवात केली पण मधे अडलं. पद्धत बरोबर होती, आकडा किंवा चिन्ह चुकलं. येत होतं, वेळ उरला नाही. उत्तर आलं होतं, मांडणीत मार्क गेले. या पाचांतलंच काहीतरी लिहायचं. "धडा कठीण आहे" असं लिहू नका, त्यातून पुढे काय करायचं ते कळत नाही.

मग मोजा. समजा ३० मार्क गेले आणि त्यातले १८ एकाच कारणाखाली आले, तर पुढचे दोन आठवडे त्या एका कारणाचे. मुलांना आधी विचारलं तर जवळजवळ सगळी सांगतात, "सिली मिस्टेक झाल्या." मोजल्यावर वेगळंच निघतं. बहुतेकांच्या पेपरात सगळ्यात मोठा ढीग "सुरुवातच सुचली नाही" याचा असतो, म्हणून त्यावर सगळ्यात जास्त लिहितो.

पहिली ओळच सुचत नाही

पाठ्यपुस्तकातला स्वाध्याय सोडवताना वर धड्याचं नाव असतं, त्याखाली पद्धतीचं नाव असतं. पार्शल फ्रॅक्शनच्या स्वाध्यायातली सगळी गणितं पार्शल फ्रॅक्शननेच सुटणार हे गणित वाचण्याआधीच ठाऊक असतं. तिथे हात बसतो तो फक्त पुढच्या आकडेमोडीवर. पेपरात मात्र नुसतं लिहिलेलं असतं: किंमत काढा.

इंटिग्रेशनची चार गणितं बघा. पहिल्यात अंशात १ आहे आणि छेदात एक्स वर्ग + ४ एक्स + ५. दुसऱ्यात छेद तोच, अंशात २ एक्स + ४. तिसऱ्यात अंशात पुन्हा १, पण छेदात शेवटी ५ ऐवजी ३. चौथ्यात छेद पहिल्यासारखाच आणि अंशात नुसता एक्स.

चारही गणितं दिसायला भावंडं, पण प्रत्येकाची वाट निराळी. पहिल्यात छेदाचे अवयव पडत नाहीत, कारण १६ − २० ऋण येतं. म्हणून पूर्ण वर्ग करायचा, छेद होतो (एक्स + २) चा वर्ग + १, आणि उत्तर टॅन इन्व्हर्स (एक्स + २). दुसऱ्यात अंश म्हणजे छेदाचा डेरिव्हेटिव्हच आहे, एका ओळीत लॉग. तिसऱ्यात १६ − १२ = ४, अवयव पडतात, (एक्स + १) आणि (एक्स + ३), म्हणून पार्शल फ्रॅक्शन; उत्तर एक द्वितीयांश लॉग (एक्स + १) भागिले (एक्स + ३). चौथ्यात एक्स हा अर्धा (२ एक्स + ४) उणे २ असा फोडायचा. पहिला तुकडा दुसऱ्या गणितासारखा लॉग देतो, दुसरा पहिल्यासारखा टॅन इन्व्हर्स. शेवटी सगळीकडे + सी.

आता मुलांच्या हातून काय होतं ते सांगतो. चारही प्रकार वेगवेगळ्या दिवशी त्यांनी बरोबर सोडवलेले असतात. एका कागदावर एकत्र दिले की निम्मी मुलं तिसऱ्या गणिताला पूर्ण वर्ग करायला लागतात. ती वाटही शेवटी पोहोचते, फक्त लांबून. चौथ्यावर मात्र पेन थांबतो, कारण "आधी अंशाकडे बघ, तो छेदाच्या डेरिव्हेटिव्हशी जुळवता येतो का ते विचार, मग छेदाचे अवयव पडतात का ते बघ" हा क्रम त्यांनी कधी स्वतःहून वापरलेलाच नसतो. स्वाध्यायाने तो त्यांच्यासाठी वापरून ठेवलेला असतो.

उपाय साधा आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. पाठकोऱ्या कागदांच्या चिठ्ठ्या करा. एका चिठ्ठीवर एक गणित, मागे फक्त पुस्तकाचा भाग आणि पान क्रमांक. धड्याचं नाव कुठेही लिहायचं नाही. पुस्तकाच्या दोन्ही भागांतली, गेल्या वर्षांच्या बोर्डाच्या पेपरांतली, कॉलेजच्या पेपरांतली गणितं घ्या आणि सगळ्या चिठ्ठ्या एका डब्यात टाका. मॅट्रिक्सची चिठ्ठी डिफरन्शियल इक्वेशनच्या शेजारी पडली पाहिजे, तोच तिचा उपयोग आहे. रोज डोळे मिटून दहा-बारा काढा. प्रत्येकीवर फक्त पहिल्या दोन ओळी लिहा: कुठली पद्धत, आणि का. "का" हा शब्दांत लिहायचा, अर्धं वाक्य चालेल. मग मागचा पान क्रमांक बघून पडताळा. यातली दोन-तीन गणितं शेवटपर्यंत सोडवा, बाकीची नाही सोडवली तरी चालेल. चुकलेली चिठ्ठी पुन्हा डब्यात जाते. बरोबर आलेली आठवडाभर बाजूला ठेवा, मग तीही परत डब्यात.

पहिल्या आठवड्यात हे नकोसं वाटेल, आणि इथेच बहुतेक मुलं सोडून देतात. धड्यानुसार सोडवताना दहापैकी नऊ येत होती, चिठ्ठ्यांवर पाच-सहाच येतात. मुलाला वाटतं आपलं होतं ते पण गेलं. असं का होतं याचा एक नेमका प्रयोग झालेला आहे. डग रोहरर आणि केली टेलर या अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी २००७ मध्ये तो प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना काही अनोळखी घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाने एकेका प्रकाराची गणितं सलग सोडवली, दुसऱ्याने तीच गणितं मिसळून. सरावाच्या वेळी सलगवाल्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर, मिसळवाल्यांची ६० टक्के. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा सलगवाले २० टक्क्यांवर आले, मिसळवाले ६३ टक्क्यांवर. म्हणून पालकांना माझी विनंती आहे, त्या पहिल्या आठवड्यात मुलाला "आधी तर येत होतं, आता काय झालं?" असं विचारू नका.

चिठ्ठ्यांचा आणखी एक फायदा आपल्या शहरात विशेष होतो. क्लास रामदासपेठेत नाही तर धरमपेठेत आणि घर खापरी नाही तर हिंगण्याकडे, अशा मुलांचा रोजचा बराच वेळ जाण्यायेण्यात जातो. डिसेंबरात अधिवेशन आणि मोर्चे सुरू झाले की बर्डीतून बाहेर पडायलाच उशीर, आणि प्रिलिमही त्याच सुमारास. मेट्रोत उभ्याने गणित सोडवता येत नाही, पण चिठ्ठी हातात घेऊन पहिली ओळ मनात ठरवता येते. हा सराव उभ्याने करण्याजोगाच आहे.

वाचून समजतं, लिहिताना मधेच थांबतं

गाईडमधलं सोडवलेलं उदाहरण वाचताना सगळं पटतं. या ओळीनंतर ती ओळ, बरोबर आहे, पुढे. बाबांच्या गाडीवर मागे बसून वर्षभर एकाच रस्त्याने क्लासला गेलेल्या मुलाला पहिल्या दिवशी एकट्याने जायला सांगितलं की वळण कुठे घ्यायचं ते आठवत नाही, तसंच हे आहे. रस्ता ओळखीचा असतो, वळण त्याने कधी घेतलेलं नसतं.

म्हणून रिव्हिजनमध्ये वाचायचं ते एकदाच, आणि मग वही बंद करून लिहायचं. लगेच नाही, मधे दहा मिनिटं दुसरं काहीतरी करा, केमिस्ट्रीचं एक पान वाचा. मग कोऱ्या कागदावर तेच उदाहरण. पेन जिथे थांबेल तिथे रेघ मारा, वही उघडून फक्त ती एक ओळ बघा, वही बंद करा आणि पुढे चला. ज्या ओळीला वही उघडावी लागली तीच तुमची रिव्हिजन. बाकीच्या ओळी तुम्हाला येतच होत्या.

डेफिनिट इंटिग्रेशनमधलं नेहमीचं गणित घ्या. मर्यादा ० ते पाय भागिले २, अंशात रूट साइन एक्स, छेदात रूट साइन एक्स अधिक रूट कॉस एक्स. सगळ्यांनी पाहिलेलं असतं आणि उत्तर पाय भागिले ४ हेही पाठ असतं. वही बंद करून लिहायला सांगितलं की मुलं एक्सच्या जागी पाय भागिले २ उणे एक्स घालतात, साइनचा कॉस होतो, कॉसचा साइन होतो, दुसरी ओळ बरोबर येते आणि तिथेच थांबतात. छेद तोच राहिला, अंश तेवढा बदलला, आणि आता या दोन ओळींची बेरीज करायची, म्हणजे अंश आणि छेद सारखे होऊन आत नुसता १ उरतो: ही पायरी वाचताना इतकी सहज वाटते की लक्षातच ठेवली जात नाही. अशा ठिकाणी समासात दोन शब्द लिहून ठेवा, "दोन्ही मिळवा". पूर्ण उदाहरण पुन्हा उतरवून काढायची गरज नाही.

मधे अडण्याचं दुसरं मोठं कारण बारावीच्या पुस्तकात सापडतच नाही, कारण ते अकरावीचं असतं. साइन वर्ग एक्सचं इंटिग्रेशन अडतं तेव्हा अडलेलं इंटिग्रेशन नसतं. साइन वर्ग एक्स म्हणजे (१ − कॉस २ एक्स) भागिले २ हे वेळेवर आठवत नाही. लॉगचे नियम, टॅन (ए + बी), अवयव पाडणं, अपूर्णांकांची बेरीज, हेच पुन्हापुन्हा निघतं. अकरावीचं वर्ष अनेकांचं हलकं जातं हे आपण सगळे जाणतो. त्यासाठी अकरावीचं अख्खं पुस्तक उघडायला जानेवारीत वेळ नाही. जिथे जिथे पेन थांबला तिथलं जुनं सूत्र एका वेगळ्या पानावर टिपत जा. पंधरा दिवसांत ते पान भरतं आणि मग फारसं वाढत नाही. तुमच्या कामाची अकरावी तेवढीच.

आणि थिअरम. साइन रूल, कोसाइन रूल, सेक्शन फॉर्म्युला, इन्व्हर्स फंक्शनचा डेरिव्हेटिव्ह, डेफिनिट इंटिग्रलचे गुणधर्म यांच्या सिद्धता पेपरात विचारल्या जातात. क्लासमध्ये घाईत "घरी बघून घ्या" म्हटलं जातं आणि घरी कोणी बघत नाही. बंद वहीची पद्धत यांच्यावर सगळ्यात लवकर फळते, कारण इथे आकडे बदलत नाहीत.

"सिली मिस्टेक" लिहून सोडून देऊ नका

एकाच मुलाचे तीन पेपर शेजारी ठेवले की दिसतं, त्याच्या चुका कुठेही होत नाहीत, ठरावीक दोन-तीन जागीच होतात. म्हणून चुकांच्या वहीत "सिली मिस्टेक" हा शब्द मी लिहू देत नाही. काय केलं ते पूर्ण वाक्यात लिहायचं.

उदाहरणार्थ, मॅट्रिक्सच्या पहिल्या ओळीत २ आणि −३, दुसरीत ४ आणि ५. डिटर्मिनंट १० + १२ = २२. कितीतरी मुलं १० − १२ = −२ करतात. वहीत असं लिहा: "सूत्रातलं उणे आणि आकड्याचं उणे ही दोन वेगळी आहेत, मी एकच घेतो." किंवा पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्स. एक्स वर्ग − ५ एक्स वाय + ६ वाय वर्ग = ०, दोन रेषांमधला कोन काढा. सूत्रात मधला सहगुणक २ एच आहे, म्हणजे एच = −५/२. तो धरला की टॅन थीटा सरळ १/७ येतं. एच = −५ धरला तर रूट १९ घेऊन भलतंच काहीतरी येतं. बोर्डाच्या पेपरात असा ओबडधोबड रूट दिसला की पुढे जाण्याआधी एचकडे एकदा बघा.

तिसरी नेहमीची जागा म्हणजे सब्स्टिट्यूशननंतरच्या मर्यादा. ० ते २ मध्ये एक्स गुणिले ई चा एक्स वर्ग घात. एक्स वर्ग = टी घेतला की मर्यादा ० ते ४ होतात, उत्तर अर्धा (ई चा चौथा घात − १). जुनी २ तशीच राहिली तर ई चा चौथ्याऐवजी दुसराच घात येतो आणि दोन मार्क जातात. गंमत म्हणजे पुस्तकातल्या बऱ्याच गणितांत मर्यादा ० ते १ असतात, तिथे वर्ग करूनही ० आणि १ च राहतात, आणि ही सवय महिनोन्महिने लपून राहते.

सवय सापडली की तिच्यापुरता तपास ठरवा. सगळा पेपर पुन्हा तपासायला वेळ नसतो आणि थकलेल्या डोळ्यांना आपली चूक दिसतही नाही. काही तपास अर्ध्या मिनिटाचे आहेत. इन्व्हर्स काढला की मूळ मॅट्रिक्सशी गुणून बघा, निदान पहिली ओळ तरी. इंडेफिनिट इंटिग्रलच्या उत्तराचा डेरिव्हेटिव्ह मनातल्या मनात घ्या. प्रोबॅबिलिटी डिस्ट्रिब्युशनमधल्या सगळ्या किमतींची बेरीज १ येते का ते बघा. बायनोमियलमध्ये मीन एन पी आणि व्हेरियन्स एन पी क्यू, क्यू एकापेक्षा लहान, म्हणून व्हेरियन्स मीनपेक्षा मोठा आला तर कुठेतरी अदलाबदल झालीच आहे. ट्रिगोनोमेट्रिक समीकरणाच्या जनरल सोल्युशनला "एन हा पूर्णांक" हे शेवटी लिहिलं का ते बघा.

ऑप्शनला टाकलेले धडे

"सर, व्हेक्टर्स आणि लाइन अँड प्लेन ऑप्शनला टाकले" हे वाक्य दरवर्षी ऐकू येतं. पेपराची रचना समोर ठेवून बोलू. बी विभागात २ मार्कांचे १२ प्रश्न, कुठलेही ८ सोडवायचे. सी विभागात ३ मार्कांचे १२, त्यातले ८. डी विभागात ४ मार्कांचे ८, त्यातले ५. विकल्प भरपूर आहेत हे खरं. पण ए विभागातले २० मार्क, म्हणजे २ मार्कांचे ८ बहुपर्यायी प्रश्न आणि १ मार्काचे ४, यांना विकल्प नाही. सोडलेला धडा तिथे गाठतोच. शिवाय बाकीच्या विभागांत विकल्प आधीच खर्च झाल्यामुळे, येणाऱ्या धड्यातलं एखादं अवघड गणित सोडून द्यायची मोकळीकही राहत नाही.

कुठला धडा सोडता याने फार फरक पडतो. इंडेफिनिट इंटिग्रेशन सोडलं तर डेफिनिट इंटिग्रेशन, क्षेत्रफळाचा धडा आणि डिफरन्शियल इक्वेशन हे तिन्ही सोबत जातात. व्हेक्टर्स सोडले तर लाइन अँड प्लेन उभा राहत नाही. उलट मॅथेमॅटिकल लॉजिक, लिनियर प्रोग्रॅमिंग, बायनोमियल डिस्ट्रिब्युशन हे धडे बरेचसे आपल्या पायावर उभे आहेत आणि थोड्या दिवसांत हाताशी येतात. मूल खूप मागे असेल तर मी इथून सुरुवात करून देतो. कुठलाच धडा पूर्ण सोडू नका. जो नकोसा आहे त्यातले निदान २ मार्कांचे आणि बहुपर्यायी प्रश्न करा.

वेळ आणि मांडणी

यावर थोडक्यात. १८० मिनिटं आणि ८० मार्क, म्हणजे एका मार्काला सव्वादोन मिनिटं. ए विभागाला अर्धा तास, बी ला साधारण तेवढाच, सी ला पाऊण तासाच्या वर पाच-सात मिनिटं, डी ला पाऊण तास. वीस मिनिटं हातात राहतात. ४ मार्कांच्या गणितावर नऊ मिनिटं झाली आणि शेवट दिसत नसेल, तर जागा सोडून पुढे जा. लिहिलेल्या पायऱ्यांचे मार्क असतात, सूत्र आणि पहिली किंमत लिहून ठेवलेली वाया जात नाही.

वेळ न पुरणाऱ्या मुलांना मी एकच विचारतो, सराव पेपर किती वाजता सोडवता? उत्तर येतं, रात्री दहानंतर. बोर्डाचा गणिताचा पेपर सकाळी ११ ला सुरू होतो. जानेवारीपासून रविवारचा सराव पेपर ११ ते २ याच वेळेत, एका बैठकीत, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून सोडवा. घरी गडबड असेल तर जवळच्या अभ्यासिकेत जाऊन बसा.

पेपरावरच्या सूचना आधी एकदा नीट वाचून ठेवा, त्यात सरळ मार्क आहेत. बहुपर्यायी प्रश्नात पर्यायाचं अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहावं लागतं. नुसतं "बी" लिहिलं किंवा नुसतं उत्तर लिहिलं तर मार्क मिळत नाही. पहिलाच प्रयत्न तपासला जातो, म्हणून खोडून दुसऱ्यांदा लिहिण्याची सवय मोडा. चूक उत्तराला मार्क कापत नाहीत, तेव्हा एकही बहुपर्यायी प्रश्न कोरा ठेवू नका. प्रत्येक विभाग नव्या पानावर. लिनियर प्रोग्रॅमिंगला आलेख कागद लागत नाही, कच्ची आकृती चालते, तरीही काही मुलं तिथे पट्टी घेऊन पंधरा मिनिटं घालवतात. कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. घरी सराव करताना भागाकारासाठी मोबाइल उचलणाऱ्यांनी हे आजपासून थांबवावं.

प्रॅक्टिकलच्या दिवसांत सगळं विसरतं

जानेवारीच्या शेवटापासून प्रॅक्टिकल, जर्नल, सह्या, तोंडी परीक्षा. या काळात गणिताला दोन-दोन आठवडे हात लागत नाही आणि मग मूल रडकुंडीला येतं, "सगळं विसरलो." सगळं विसरलेलं नसतं, हात थंड पडलेला असतो. त्या दिवसांत रोज चार चिठ्ठ्या आणि एक पूर्ण गणित, एवढंच ठेवा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण एकही दिवस चुकवायचं नाही. मधे चार दिवस सोडून रविवारी पाच तास बसणं याच्या बरोबरीचं होत नाही.

सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, देणाऱ्यांसाठी एक गोष्ट. तिथे गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ मार्क, ९० मिनिटं आणि सुमारे २० टक्के भाग अकरावीचा. क्लासमध्ये त्यासाठी पर्याय घालून बघण्याच्या, किंमत ठेवून उत्तर काढण्याच्या युक्त्या शिकवतात. त्या सीईटीत जरूर वापरा. बोर्डाच्या ३ आणि ४ मार्कांच्या उत्तरात पायऱ्या गाळून थेट उत्तर लिहिण्याची सवय मात्र त्यातूनच लागते. बोर्डाचा पेपर होईपर्यंत लिहून सोडवणं, नंतर युक्त्या. चिठ्ठ्यांचा डबा तोच ठेवा, फक्त अकरावीच्या चिठ्ठ्या त्यात वाढवा आणि पहिली ओळ ठरवायला घड्याळ लावा.

दोन आठवड्यांनीही फरक पडला नाही तर

पुन्हा एक पूर्ण पेपर सोडवा आणि पुन्हा पेन्सिलीने कारणं लिहा. ढीग बदलला असेल, म्हणजे "सुचलं नाही" कमी होऊन "आकडेमोड" किंवा "वेळ" वाढलं असेल, तर मार्क तेवढेच असले तरी काम पुढे सरकलं आहे. आता नव्या ढिगाकडे वळा. ढीग तसाच असेल तर दोन्ही पेपर घेऊन शिकवणाऱ्या सरांकडे किंवा मॅडमकडे जा. "माझं गणित कच्चं आहे, काय करू?" असं विचारलं तर "सराव वाढव" हेच उत्तर मिळेल. त्याऐवजी दोन्ही पेपरांतली तीच अडलेली तीन गणितं उघडून दाखवा आणि विचारा, "या गणितात तुम्ही आधी कशाकडे बघता?" ते बोलतील ते तिथल्या तिथे, त्यांच्याच शब्दांत, चिठ्ठीच्या मागे लिहून घ्या.